जाळीवरचा कागद

१

पंखा बंद होता, आणि कागद अजून जाळीवरच होता.

दात घासता घासता तिची नजर सहज वर गेली. थोड्या वेळापूर्वीच तिनं चाचणी घेतली होती. पंखा सुरू करायचा, टिश्यूचा एकच पदर सोडवून बाथरूमच्या छतातल्या जाळीखाली धरायचा आणि हात काढून घ्यायचा. कागद जाळीला धरून राहिला, तर पंखा हवा नीट ओढतो आहे. माहितीपत्रकात सहाव्या पानावर हे चित्रासकट दिलं होतं. कागद धरून राहिला होता. मग तिनं बटण बंद केलं, मोटर थांबल्याचं ऐकलं, आणि गॅसवरचं दूध उतरवायला गेली. कागद आपसूक खाली पडेल, आल्यावर उचलू, एवढाच विचार.

तो पडला नव्हता. जाळीमागची पाती स्थिर दिसत होती, अगदी एकेक मोजता येईल अशी. आणि कागद ताणून बसवल्यासारखा सपाट होता.

ओला झाला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. ओला कागद कुठेही चिकटतो. तोंडात ब्रश तसाच धरून ती स्टुलावर चढली आणि तिनं कागदाचा कोपरा चिमटीत धरला.

कागद कोरडा ठणठणीत होता. आणि सुटण्याआधी त्यानं किंचित ओढ दिली. हातातलं खेळणं काढून घेताना लहान मूल देतं तेवढीच.

ती स्टुलावरून उतरली ती जवळजवळ उडीच मारून. टूथपेस्टचा फेस सगळा गाउनवर.

"काय पडलं गं?" बाहेरून आईनं विचारलं.

"काही नाही. मीच."

"मग ठीक आहे. महागाचं काही नाही ना."

२

घरात तिला दचकू म्हणत. नाव दादानं ठेवलेलं, आणि ते तिनं कमावलेलंही होतं. मागच्या वर्षी जळका वास आला म्हणून तिनं अख्ख्या मजल्याला दारं ठोठावून जिन्यात उभं केलं होतं. निघालं काय, तर खालच्या इस्त्रीवाल्याचा एक शर्ट करपला होता. अजूनही समोरच्या घरातले आजोबा भेटले की विचारत, "काय, आज आग नाही का?" तेव्हापासून तिनं स्वतःशी एक नियम केला होता: आधी पुरावा, मग आरडाओरडा.

आणि पंखा मुळात आला होता तो आईसाठी.

आईनं तीस वर्षं शाळेत खेळ शिकवले. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवायची वेळ क्वचित येई. मैदानाच्या या टोकावरून तिनं नुसती हाक मारली, की त्या टोकाचं पोर जागच्या जागी उभं राही. त्याच आईला आता स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत जायला मध्ये एक खुर्ची लागत होती. फुप्फुसं थकली होती. हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात प्लास्टिकचं एक यंत्र दिलं. तीन नळ्या, तीन चेंडू. तोंडात नळी धरून श्वास आत ओढायचा, की चेंडू वर चढतात. आईचे दोन चढायचे.

"तिसरा चढला की मला तोंड दाखवायला येऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग आईची पाठ वळल्यावर दचकूला बाजूला घेऊन हळूच, "घरात ओल नको. बुरशी तर मुळीच नको. यांचा आणखी एक चेंडू खाली आला, तर पुन्हा इथे आणावं लागेल, आणि मग परत नेता येईलच असं मी सांगू शकत नाही."

भाड्याचं घर शेवटच्या मजल्यावर होतं. बाथरूमला खिडकी नव्हती. छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके धरले होते, आणि पुसले तरी दोन दिवसांत परत येत होते.

पोटासाठी ती माहितीपत्रकंच तपासायची: मिक्सरची, इस्त्रीची, पाणी गरम करायच्या यंत्रांची. 'वापरण्यापूर्वी वाचा' हे वाक्य तिच्याइतकं मनावर घेणारं माणूस जगात दुसरं नसेल. तिनं बाथरूमची लांबी, रुंदी, उंची मापली. तासाला किती हवा बाहेर पडायला हवी ते काढलं. आठ पंख्यांची पत्रकं शेजारी शेजारी ठेवून वाचली. दुकानदारानं बिचाऱ्यानं तासभर कळ काढली.

"ताई, बाथरूमला पंखा बघताय की घराला जावई?"

"जावयाचं माहितीपत्रक मिळत नाही ना."

"मिळालं असतं तर कुणी लग्न केलं नसतं." त्यानं सातवा खोका उघडला. "हा घ्या. मांजरासारखा चालतो. चालू आहे की बंद, तुम्हालाच कळायचं नाही."

"मला कळायला हवं," ती म्हणाली.

शेवटी तिनं निवडला तो सहा इंची, कमी आवाजाचा आणि मागे झडप असलेला. पंखा सुरू झाला की झडप हवेनं उघडते, बंद झाला की आपोआप मिटते. म्हणजे पलीकडची हवा उलटी आत येत नाही. हा झडपेचा मुद्दा तिनं तीनदा विचारून पक्का केला.

"उलटं काहीही येणार नाही, ताई," दुकानदार खोका बांधत म्हणाला. "माझी गॅरंटी."

३

वायरमन आला, वर बघितलं, आणि छतावर बोटाच्या पेरानं टकटक केली.

बाथरूम आणि त्याबाहेरचा पॅसेज यांच्यावर मिळून एकच फॉल्स सीलिंग होतं. त्याच्या आणि वरच्या स्लॅबच्या मध्ये दीडेक हाताची पोकळी. पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराच्या बरोबर समोर, त्या पोकळीत शिरायची एक चौकोनी झाकणी होती. काम सरळ होतं. बाथरूमच्या छताला गोल भोक पाडायचं, पंखा बसवायचा, वायर ओढायची. मग झाकणीतून वर जाऊन पंख्याचा पाइप पोकळीच्या पार टोकाला, बाहेरच्या भिंतीतल्या भोकाला जोडायचा. ते भोक आधीपासूनच होतं. बाहेरून त्याला पट्ट्यांचं झाकण होतं.

भोक पाडताना वायरमन जोरात होता. जोक काय, गाणं काय. आईशी तर त्याची पाच मिनिटांत गट्टी जमली.

"मावशी, पुढच्या आठवड्यात तुम्ही या बाथरूममध्ये कपडे वाळत घालाल, बघा."

"आधी तू माझ्या फरशीवरची ही पांढरी पूड वाळत घाल," आई म्हणाली.

मग तो शिडी लावून झाकणीतून वर गेला. डोकं गेलं, खांदे गेले, कंबर गेली. पायांची बोटं शेवटच्या पायरीला टेकलेली राहिली. पाइप वर सरकल्याचा खरखर आवाज आला. मग काहीच आला नाही. दचकू खाली शिडी धरून उभी होती. तिला शिडीतून त्याच्या पायांचं वजन जाणवत होतं. ते वजन बराच वेळ जराही हललं नाही.

मग तो उतरला. जितक्या वेळात चढला होता, त्याच्या निम्म्या वेळात.

"जोडला?"

"हो. जोडला." तो स्वतःचे तळहात उलटसुलट करून बघत होता. "बिल्डिंग किती वर्षांची आहे, ताई?"

"पंचवीस-तीस तरी असेल. का?"

"वर धूळ नाही." त्यानं तळहात तिच्यासमोर धरले. स्वच्छ होते. "कोळ्याचं जाळंसुद्धा नाही. रोज कुणी पुसून घेतल्यासारखं."

"बरं झालं," आतून आई म्हणाली. "घरात एक तरी जागा स्वच्छ आहे म्हणायची."

वायरमन हसला नाही. त्यानं बाथरूमच्या दाराची खालची कड रंधा मारून दोन बोटं फट केली, म्हणजे पंखा हवा बाहेर टाकेल तेव्हा खालून नवी हवा आत येईल. पंखा लावून दाखवला, कागद चिकटवून दाखवला. चहा केला होता, तो तसाच राहिला.

४

आईच्या अंघोळीचा एक रिवाज होता, हॉस्पिटलातून आल्यापासूनचा. दाराला कडी लावायची नाही, नुसतं ओढून घ्यायचं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं ते बरंच, आत कुणी पडलं तरी अडत नाही. दचकूनं पॅसेजमध्ये पुस्तक घेऊन बसायचं आणि दर दोन-चार मिनिटांनी हाक मारायची. आईनं ओ द्यायची.

"आई?"

"ओ."

पान उलटायचं. आत पाण्याचा आवाज.

"आई?"

"ओ! अगं अंघोळ करते आहे, नदी नाही पोहत."

ती ओ म्हणजे आता नुसता फुंकरीएवढा आवाज होता. एक अक्षर, आणि त्याच्या मागून दम. पण दचकूला ती पुरे असे. ओ आली की तिचे खांदे खाली यायचे.

पंखा बसवल्यावर पहिले तीन दिवस छानच गेले. आरसा धुरकट होईना. कोपऱ्यातले ठिपके पुसले ते परत आले नाहीत. चौथ्या दिवशी तो कागदाचा प्रकार झाला. आणि त्याच संध्याकाळी आईनं यंत्र तोंडाला लावलं, तेव्हा पहिला चेंडू चढला, दुसरा थोडा हलला आणि बसला.

"आज कंटाळा आलाय त्याला," आई म्हणाली.

५

पुरावा हवा होता. दुसऱ्या दिवशी तिनं चाचणी उलटी घेतली. पंखा बंदच ठेवला. स्टुलावर चढून टिश्यूचा एक पदर जाळीच्या खाली बोटभर अंतरावर धरला, आणि वाट पाहिली.

काही झालं नाही. हात भरून आला. स्वतःचंच हसू यायला लागलं. आता दादाला काय सांगायचं, मी बंद पंख्याखाली कागद धरून उभी होते?

कागद वर उचलला गेला आणि जाळीला लागला.

मग सुटला. बोटांत परत आला.

परत वर गेला.

बाहेरचा वारा, तिनं ठरवलं. भिंतीतल्या भोकावरून वारा गेला की पाइपमधली हवा ओढली जाणार. सुटला की सोडणार. साधं आहे. झडप अडकली असेल अर्धवट उघडी. हे सगळं पटण्यासारखं होतं, आणि ती पटवून घेत होती. फक्त एक खोड तिला हॉस्पिटलात लागली होती. तिथं नर्सनं शिकवलं होतं, की आईच्या पोटावर हात ठेवायचा आणि मिनिटाला किती श्वास होतात ते मोजायचं. त्या सवयीनं तिचे ओठ आपोआप हलायला लागले. वर गेला, एक. वर गेला, दोन.

मिनिटाला अठ्ठावीस झाले. एकसारखे, एकामागून एक, उथळ.

वारा असा येत नाही, हे तिला स्टुलावर असतानाच कळलं होतं. पण खाली उतरून, हात धुऊन, टॉवेल घडी घालून ठेवेपर्यंत तिनं ते स्वतःला कळू दिलं नाही. आईला हॉस्पिटलात नेलं त्या पहिल्या दिवशी नर्सनं कागदावर आकडा लिहिला होता तो अठ्ठावीसच होता.

६

सकाळी दळण-भाजीच्या निमित्तानं ती बाहेर पडली आणि इमारतीच्या मागच्या गल्लीत जाऊन उभी राहिली. तिथून भिंतीतलं ते भोक वर दिसत होतं. पट्ट्यांचं झाकण. पंखा जोरात चालला की पट्ट्या वर उचलल्या जायला हव्यात, पान नऊ.

तिनं आईला फोन लावला.

"आई, जरा बाथरूममध्ये जाऊन पंखा लाव ना."

"तू भाजीला गेली आहेस ना? भाजीवाल्याला वारा घालायचाय?"

"लाव ना गं."

पावलं. मध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज, आईचा विसावा. मग बटण. "लावला."

पट्ट्या हलल्या नाहीत. तिनं डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. झाकणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कोळ्याचं जाळं होतं, धुळीनं जड झालेलं. ते जरासुद्धा थरथरत नव्हतं.

"चालू आहे ना नक्की?"

"ऐक." आईनं फोन वर धरला असावा. मोटरचा घुंऽऽ आवाज आला.

म्हणजे वायरमननं पाइप जोडलाच नव्हता. वर पोकळीत तसाच सोडून दिला होता. रोजची सगळी वाफ बाहेर न जाता त्यांच्या डोक्यावर साठत होती. तिला राग आला, आणि रागाबरोबर चक्क हायसं वाटलं. हा गलथानपणा होता. गलथानपणा समजतो. त्यावर भांडता येतं.

"कर बंद," ती म्हणाली.

बटण वाजलं. मोटर थांबली. आणि फोनमध्ये एक आवाज तसाच उरला. लांब, मऊ, आत जाणारा.

"आई, बंद केलास ना?"

"केव्हाच."

"मग ते काय वाजतंय?"

"कुठे काय?" आईचा आवाज थोडा लांबून आला, तोंड वर केल्यासारखा. "मी उभी आहे नुसती. इथे पंख्याखाली उभं राहिलं ना, की बरं वाटतं गं. छाती कशी हलकी होते."

"तिथून बाहेर ये."

"येते."

"आत्ता ये, आई."

"अगं हो! कशी गं तू, दचकू ती दचकूच."

७

दादा दुसऱ्या गावी होता. फोनवर तो पोटभर हसला.

"म्हणजे वायरमननं पाइप सोडून दिला, हा शोध लावायला तुला गल्लीत हेरगिरी करावी लागली."

"दादा, पंखा बंद असताना कागद हलतो. श्वासासारखा."

"वर पोकळी आहे. उन्हानं स्लॅब तापतो, हवा फुगते, गार झाली की आकसते. शाळेत शिकवलं होतं, तू तेव्हा बेंचखाली लपली असशील."

"मिनिटाला अठ्ठावीस वेळा तापतो आणि गार होतो?"

त्यानं विषय बदलला. "आई कशी आहे?"

"दुसरा चेंडू चढत नाहीये."

यावर त्यानं विनोद केला नाही. "रविवारी येतो," तो म्हणाला. "शिडी मिळवून ठेव. मीच वर जाऊन पाइप जोडतो. आणि गरज वाटली, तर त्याच दिवशी तिला हॉस्पिटलात घेऊन जाऊ. तोवर तुझ्या छताला सांग, पाहुणे येतायत."

वायरमननं चार फोन उचलले नाहीत. पाचव्यानंतर त्यानं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवलेला एक निरोप आला. रस्त्यावरून बोलत असावा, मागे गाड्या होत्या.

"ताई, पाइप मी जोडला नाही. खोटं बोललो, माफ करा. तिथपर्यंत जायला पोटावर सरपटत आत जावं लागलं असतं. मी निम्मा वर गेलो तेव्हा समोर काही नव्हतं, खरंच काही नव्हतं, नुसती मोकळी जागा. पण माझ्या मानेचे केस पुढे जात होते, ताई. मागे नाही, पुढे. त्या बाजूला. मी अठरा वर्षं छतांत शिरतोय. दुसरा माणूस बघा. नाहीतर नकाच बघू. भोक बुजवून टाका."

तिनं तो निरोप तीनदा ऐकला. परत फोन लावला, तर बंद लागला.

८

तिनं भोक बुजवलं, जमेल तसं. जाळीवर जाड प्लास्टिक लावलं आणि चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टीचे तीन तीन थर दिले. खाली उतरून बघत राहिली. प्लास्टिक आत खेचलं गेलं, टम्म ताणलं, त्यातून जाळीच्या रेघा दिसल्या. मग सैल होऊन पोट सुटल्यासारखं खाली आलं. पुन्हा आत. पण धरून राहिलं. मोजायचं नाही असं ठरवूनही तिनं मोजलं. आता मिनिटाला सोळा होते. सावकाश, खोल. निरोगी माणसाचे असतात तसे.

त्या दिवशी आईचे तीस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिक नव्हतं. आईनं ते घडी घालून खिडकीत ठेवलं होतं, चिकटपट्टी गुंडाळून वर.

"तू काढलंस? वर हात कसा पोचला तुझा?"

"पोचला." आईलाही नवल वाटल्यासारखं दिसलं. "स्टूल नव्हतं घेतलं मी. चवड्यांवर उभी राहिले असेन. तिथे कोंडल्यासारखं होत होतं गं."

"तुला?"

आईनं तोंड उघडलं. तेवढ्यात दम लागला आणि उत्तर राहून गेलं. यंत्र समोर होतं. आईनं नळी तोंडात धरली, डोळे मिटले आणि ओढलं. तिन्ही चेंडू तळाशी बसून राहिले. आईनं ते बघितलं, मग दचकूकडे बघितलं, आणि मैदानावर हरलेल्या पोरांना द्यायची तशी तिच्या पाठीवर थाप दिली.

दचकूनं दादाला फोन केला. रविवारपर्यंत थांबू नकोस. तो हसला नाही. उद्याच सकाळी निघतो, म्हणाला, बारापर्यंत पोचतो, तिथून सरळ हॉस्पिटल. तोवर कुणी बाथरूममध्ये जायचं नाही, असं ठरलं. समोरच्या आजोबांकडे सोय झाली. त्यांनीही या वेळी आगीचं विचारलं नाही.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मेन स्विच पाडला. सगळ्या घराचा. फ्रिज थांबला, घड्याळाखेरीज काही वाजेना. आता वर जे काही होईल त्याला पंख्याचं नाव देता येणार नव्हतं. आईची पिशवी भरून दाराशी ठेवली. औषधं, चष्मा, रिपोर्ट, ते यंत्र. पलंगावर आई उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले.

साडेअकराला दादाचा फोन आला. घरात रेंज नीट नव्हती म्हणून ती बाहेर जिन्यात गेली. पुलावर गाड्या तुंबल्यात, पाऊण तास लागेल, आई काय करते? बसली आहे, ती म्हणाली. बोलणं दोन मिनिटांचंही नसेल.

ती आत आली. पलंग रिकामा होता. मधली खुर्ची जागच्या जागी होती, कुणी विसावल्याची खूण नाही. बाथरूमचं दार ओढून घेतलेलं होतं.

"आई?"

आत पाण्याचा आवाज नव्हता.

तिनं दाराची मूठ धरून ओढलं. आलं नाही. कडी नव्हती, ती काल तिनंच काढून टाकली होती. पाय चौकटीला लावून तिनं पुन्हा ओढलं. दार बोटभर सुटलं आणि पलीकडून कुणी हळूच घेतल्यासारखं परत बसलं. खालच्या फटीतून वारा आत जात होता. तिच्या घोट्यांना लागत होता. पॅसेजमधल्या फरशीवर कालचा एक टिश्यू पडला होता, तो घसरत घसरत आला, तिच्या पायाला वळसा घातला आणि दाराखालून आत गेला.

कागद, हवा, दाब, ती मनाशी म्हणत होती. पान सहा, पान नऊ. ती पोटावर आडवी झाली आणि तिनं गाल फरशीला लावला.

दोन बोटांच्या फटीतून आत शिरणाऱ्या उजेडात तिला आईची पावलं दिसली. जाळीच्या बरोबर खाली. टाचा उचललेल्या होत्या. मग चवडे. अंगठे तेवढे फरशीला टेकले होते, तेही दाबून नाही. पाण्याचा अंदाज घेताना टेकवतात तसे. तिच्या डोळ्यांदेखत त्यांतला एक सुटला.

"आई!"

वारा एकाएकी थांबला. घोट्यांजवळचा, फटीतला, सगळा. दार आपण होऊन चौकटीतून सैल झालं आणि तिच्या खांद्याला येऊन लागलं. ती उठली नाही. फटीत आता नुसती फरशी दिसत होती.

"आई," तिनं पुन्हा हाक मारली. या वेळी हळू, रोज पान उलटताना मारायची तशी. रोज ओ यायची. एक अक्षर, आणि मागून दम. तेवढीच यायला हवी होती. तेवढीच पुरे होती. "आई? ओ दे ना गं."

आणि ओ आली. खणखणीत, भरल्या छातीनं, दम न लागता, मैदानाच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. आईचीच.

दारापलीकडून नाही. इथे पॅसेजमध्ये, तिच्या पाठीच्या वर, छतातल्या झाकणीमागून.